विद्यार्थ्याचें दुखणें : डॉक्टरांस केव्हां बोलवावें?

घरांत मूल आजारी पडलें म्हणजे निर्णय कोणीं करावयाचा, हा प्रश्न सहसा उत्पन्न होत नाहीं. आई कपाळावर हात ठेवते, आजी जिभेकडे व डोळ्यांकडे पाहते, वडील कचेरींतून आल्यावर विचारपूस करतात. आणि 'आजची रात्र पाहूं' किंवा 'डॉक्टरांना आतांच बोलवा' या दोहोंपैकीं एक वाक्य कोणाच्या तरी तोंडून निघतें. हें वाक्य उच्चारण्याचा अधिकार विद्वत्तेनें आलेला नसतो, तो सहवासानें आलेला असतो. मुलाचा नेहमींचा आवाज, भूक, झोंप व चालणें ज्यानें रोज पाहिलें आहे, त्यालाच आजचा फरक कळतो. तेंच मूल अठराव्या वर्षीं कॉलेजसाठीं परगांवीं गेलें कीं हा अधिकार एकाएकीं त्याच्या स्वतःच्या हातीं येतो. आणि आजाऱ्यानें स्वतःच्याच आजाराचें मोजमाप करावें, याहून अवघड काम क्वचितच सांपडेल.

वऱ्हाडांत हा प्रश्न उच्च शिक्षणाबरोबरच आला. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. अमरावती किंवा अकोला येथील हायस्कुलांतून बाहेर पडलेल्या मुलास पुढें शिकावयाचें झालें, तर नागपूर, पुणें किंवा मुंबई हेच मार्ग असत. पापळ गांवीं १८९८ सालीं जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गेले आणि तेथून पुढें थेट विलायतेस. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालें. हेंच आजचें शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था होय. कॉलेज घराजवळ आलें खरें, पण दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अचलपूर येथील मुलांना घर सोडावें लागलेंच. कोणी खोली करून राहिला, कोणी खाणावळीचा डबा लावला, कोणी वार लावून जेवला. पंजाबरावांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढलें, तें अशाच मुलांकरितां. परंतु निवाऱ्याची व जेवणाची सोय झाली, तरी कपाळावर हात ठेवणारें माणूस कोठून आणावें?

त्या हाताची जागा कांहीं अंशीं एका कांचेच्या नळीनें घेतली. इंग्लंडांत क्लिफर्ड ऑलबट यांनीं १८६६ च्या सुमारास सहा इंच लांबीचा, पांच मिनिटांत ताप दाखविणारा थर्मामीटर तयार केला. त्यापूर्वींचीं यंत्रें हातभर लांब असून त्यांना वीस मिनिटें लागत. जर्मनींत वुंडरलिख यांनीं १८६८ सालीं हजारों रोग्यांच्या तापाच्या नोंदींवरून ग्रंथ लिहिला, आणि निरोगी माणसाची उष्णता ९८.६ अंश हा आंकडा त्यांच्यामुळें घरोघरीं पोंचला. थर्मामीटरनें मोठा उपकार केला, पण त्याबरोबर एक गैरसमजहि रूढ झाला. पारा चढला कीं आजार वाढला व पारा उतरला कीं आजार गेला, असें लोक समजूं लागले. वऱ्हाडच्या गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतील आजारांचा इतिहास पाहिला, तर हा समज किती महाग पडतो हें पुन्हां पुन्हां दिसून येतें.

पहिला मोठा धडा १९१८ सालचा. त्या वर्षाच्या जूनमध्यें इन्फ्लुएंझाची सांथ मुंबईस उतरली. ती पहिली लाट सौम्य होती. तीन-चार दिवस ताप, अंगदुखी, आणि मग माणूस कामावर हजर. त्यामुळें हा चार दिवसांचा पाहुणा आहे अशी लोकांची खात्री झाली. सप्टेंबरांत दुसरी लाट आली आणि ती सर्वस्वीं निराळी निघाली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत या रोगानें ७६८ माणसें दगावल्याची नोंद आहे. भुसावळहून नागपुरास जाणारी आगगाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्टेशनांवरून जाते. कापूस ज्या रुळांवरून मुंबईस जाई त्याच रुळांवरून रोग वऱ्हाडांत आला. त्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानांतील ज्या प्रांतांना या सांथीचा सर्वांत कठोर तडाखा बसला, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक होता. साऱ्या देशांतील मृत्यूंचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींच्या घरांत जातात.

या सांथीचा विशेष असा कीं, तिनें म्हाताऱ्यांपेक्षां वीस ते चाळीस या वयाच्या माणसांना अधिक वेचलें. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालींच श्री हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला होता. तरुणांनीं अंग कमवावें ही हांक सर्वत्र ऐकूं येत होती, व ती योग्यच होती. परंतु या रोगानें पिळदार दंड पाहून कोणाला वगळलें नाहीं. 'धडधाकट पोरगा आहे, दोन दिवसांत उठून बसेल,' हें वाक्य त्या शरद ऋतूंत किती घरांत उच्चारलें गेलें असेल याची गणतीच नाहीं. रोगाचें कारण असलेला विषाणु १९३३ पर्यंत कोणास सांपडला नव्हता. त्यामुळें औषध काय द्यावें याबद्दल डॉक्टरहि चांचपडत होते. मात्र या रोगाचा एक क्रम वैद्यकानें तेव्हांपासून मनांत ठेविला आहे. ताप उतरतो, रोगी उठून बसतो, आणि मग पुन्हां ताप चढून छातींत कफ भरतो, श्वास जलद होतो. हा दुसऱ्यानें चढलेला ताप मूळ तापापेक्षां घातक असतो, कारण तो फुफ्फुसाच्या दाहाची वर्दी असते. बरा होत आलेला विद्यार्थी पुन्हां अंथरुणास खिळला, तर तो क्षण वाट पाहण्याचा नव्हे.

दुसरा धडा तापाचा नसून पोटदुखीचा आहे, आणि त्याचा संबंध अमरावतीच्या कॉलेजाला ज्यांचें नांव दिलें गेलें त्या एडवर्ड बादशहांशींच येतो. २६ जून १९०२ रोजीं लंडनमध्यें सातव्या एडवर्डचा राज्यारोहण समारंभ व्हावयाचा होता. देशोदेशींचे राजे जमले होते. राजाच्या पोटांत दुखत होतें, पण समारंभ टाळावयाचा नाहीं असा त्याचा हट्ट होता. अखेर २४ जून रोजीं फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यवैद्यानें राजवाड्यांतच शस्त्रक्रिया करून आंत्रपुच्छाजवळ सांचलेला पू काढला. समारंभ ९ ऑगस्टपर्यंत पुढें गेला आणि राजा वांचला. याच ट्रीव्ह्जची तरुण कन्या हेटी दोनच वर्षांपूर्वीं, १९०० सालीं, ह्याच विकारानें मरण पावली होती. त्या रोगाचा जाणकार म्हणून ज्याची ख्याति होती, त्याच्या घरांत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली. पुढें राजाच्या बाबतींत तो डळमळला नाहीं.

या दोन हकीकती शेजारीं ठेवल्या म्हणजे ज्ञानाबरोबर वेळेलाहि किती किंमत असते हें समजतें. आंत्रपुच्छाचा दाह हा मुख्यतः दहा ते तीस या वयाचा विकार आहे, म्हणजे नेमका विद्यार्थीदशेचा. दुखणें बहुधा बेंबीभोंवतीं सुरू होतें, कांहीं तासांनीं उजव्या कुशीखालीं उतरतें, भूक जाते, ओकारी येते, चालतांना किंवा खोकतांना कळ उठते. खाणावळीचें अन्न बाधलें असें समजून अशा वेळीं एरंडेल घेण्याची किंवा पोट शेकण्याची जुनी चाल आहे. ती येथें घातक ठरूं शकते. आणि एखादे वेळीं ती कळ एकाएकीं थांबली, तर तेंहि आनंदाचें कारण नसतें. पुच्छ फुटलें म्हणजे थोडा वेळ बरें वाटतें. परीक्षा दोन दिवसांवर आली आहे म्हणून पोट दाबून वाचीत बसणाऱ्या मुलानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, दोन दिवसांवर आलेला राज्याभिषेकसुद्धां पुढें ढकलला गेला होता.

तिसरा धडा मुदतीच्या तापाचा. विषमज्वरास वऱ्हाडांत व इतरत्र मुदतीचा ताप म्हणत, कारण तो तीन आठवड्यांची मुदत घेऊन येई. १९४८ पूर्वीं त्यावर खात्रीचें औषध नव्हतें. एकवीस दिवस पेज, मोसंब्याचा रस व अखंड शुश्रूषा, एवढ्यावरच भिस्त असे. आणि तिसऱ्या आठवड्यांत आंतड्यास भोंक पडण्याचें भय टपून बसलेलें असे. १९४८ सालीं क्लोरँफेनिकॉल या औषधानें हा ताप थोड्या दिवसांत उतरतो असें सिद्ध झालें आणि सारें चित्र पालटलें. परंतु नव्या औषधांनीं नवी संवयहि लावली. दुकानांतून चार गोळ्या आणाव्या, दोन घेऊन बरें वाटलें कीं उरलेल्या पेटींत ठेवाव्या, ही खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची रीत झाली आहे. अर्धवट औषधानें ताप दबतो, रोग दबत नाहीं. जंतूंना औषधाची ओळख पटते, आणि पुढें डॉक्टरांनाहि रक्ततपासणींत रोग ओळखणें कठीण जातें. तीन दिवसांवर टिकलेल्या तापाचें निदान तपासणीनेंच व्हावयास हवें.

चौथा धडा सर्वांत करुण आहे, व तो एका विद्यार्थिनीच्या आयुष्यानें शिकविला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवीं कार्पेंटर कुटुंबाच्या घरीं उतरल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं पदवीधर झाल्या. परदेशची थंडी, अपुरा आहार व अभ्यासाचा भार यांनीं त्यांची प्रकृति तेथेंच ढासळली होती. भोंवतीं सर्व डॉक्टर, स्वतःहि डॉक्टर. पण क्षयाला तेव्हां औषध नव्हतें. कॉख यांनीं त्याचा जंतु १८८२ सालीं शोधला होता एवढेंच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या पुण्यास निवर्तल्या. पुढें १९४३ सालीं त्याच न्यू जर्सी प्रांतांत, रटगर्स येथील प्रयोगशाळेंत, स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील पहिलें प्रभावी औषध निघालें.

येथून आजच्या विद्यार्थ्यानें घ्यावयाचा बोध उलट बाजूचा आहे. आनंदीबाईंना औषध नव्हतें. आज औषध आहे, तें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, आणि साध्या क्षयाला सहा महिने पुरतात. मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या प्रयोगानें हेंहि दाखविलें कीं, आरोग्यधामांत न जातां घरीं राहून औषध घेणारा रोगीहि तितकाच बरा होतो. आतां उणीव उरली आहे ती वेळीं सांगण्याची. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळीं येणारी कणकण, रात्रींचा घाम, उतरत जाणारें वजन, यांतील एकहि गोष्ट विद्यार्थ्याला वर्ग बुडविण्यास भाग पाडीत नाहीं. म्हणूनच तीं लक्षणें महिनोन्‌महिने झांकलीं राहतात. खोलींतील सोबत्यांना व खाणावळींतील पंगतीला मात्र त्याचा प्रसाद मिळत राहतो.

न दुखणाऱ्या रोगाचें याहूनहि मोठें उदाहरण अमरावतीनें पाहिलें आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं अमरावतीस तपोवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली. समाजानें घराबाहेर काढलेलीं माणसें तेथें शेती करूं लागलीं, उद्योग करूं लागलीं. कुष्ठरोगाची सुरुवात पुष्कळदां एका फिकट, बधिर चट्ट्यानें होते. चट्टा दुखत नाहीं, खाजत नाहीं. म्हणून तरुण मुलें तो सदऱ्याखालीं लपवितात. १९८२ पासून बहुविध औषधोपचाराची पद्धति सुरू झाल्यावर हा रोग पूर्ण बरा होतो, आणि वेळीं उपचार झाला तर व्यंगहि राहत नाहीं. वेदना हीच आजाराची खूण, असें मानणाऱ्यास हा बधिर चट्टा चांगला गुरु आहे.

अलीकडील वर्षांनींहि तेंच सांगितलें. २०१८ च्या पावसाळ्यांत विदर्भांत स्क्रब टायफस या तापाचे रोगी आढळले. गवतांतील बारीक किड्याच्या चाव्यानें होणाऱ्या या तापांत काखेंत, जांघेंत किंवा कमरेपाशीं एक लहानशी काळी खपली पुष्कळदां असते. रोग्यास ती क्षुल्लक वाटते, डॉक्टरांना ती दिसली तर निदान चटकन होतें व साध्या औषधानें गुण येतो. सुटींत शेतावर जाऊन आलेल्या मुलानें ही गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे. डेंग्यूचा प्रकार तर तापाच्या जुन्या हिशेबाला सरळ छेद देणारा आहे. त्यांत धोक्याचा काळ ताप उतरतांना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत येतो. पोटांत जोराची कळ, सारखी ओकारी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणें, कमालीची ग्लानि, ही त्याची वर्दी. अशा तापांत मनानें ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी घेणें रक्तस्रावाला आमंत्रण देणारें ठरतें.

आणि २०२१ चें वर्ष तर कोणीच विसरलेलें नाहीं. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं महाराष्ट्रांतील महाविद्यालयें निम्म्या उपस्थितीनें पुन्हां उघडलीं, आणि त्याच आठवड्यांत अमरावती विभागांत कोरोनाची दुसरी लाट उसळली. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती व अचलपूर येथें कडक टाळेबंदी आली. अकोल्यासहि निर्बंध बसले. पुढें ज्याच्या एका शाखेला ३१ मे २०२१ रोजीं 'डेल्टा' हें नांव मिळालें, त्या वंशाचे विषाणु याच काळांत पूर्व महाराष्ट्राच्या नमुन्यांत आढळत होते. १९१८ चाच डाव पुन्हां मांडला गेला. पहिले पांच-सहा दिवस साधा ताप, आणि मग श्वास. फरक एवढाच कीं, या वेळीं बोटाला लावावयाचें लहानसें यंत्र होतें. रक्तांतील प्राणवायु ९४ टक्क्यांखालीं गेला, किंवा सहा मिनिटें चालल्यावर तो घसरला, तर रुग्णालय गांठावें, असा नियम सामान्य माणसापर्यंत पोंचला. रोग्याला धाप जाणवण्यापूर्वींच यंत्राला ती कळत असे. 'मला तर कांहींच होत नाहीं' हें रोग्याचें म्हणणें पुरावा म्हणून पुरत नाहीं, हें त्या वर्षानें दाखवून दिलें.

शरीराच्या या हकीकतींत मनाची हकीकत गाळून चालणार नाहीं. जुन्या काळीं विद्यार्थी उदास झाला, जेवीनासा झाला, खोली बंद करून बसूं लागला, तर त्याला घरची आठवण येते किंवा तो आळशी आहे, असे दोनच निर्णय होत. मानसिक आजारावर उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे, हें २०१७ च्या कायद्यानें मान्य केलें. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि मोफत सल्ला मिळतो. झोंप व भूक उडणें, कशांतच रस न वाटणें, आपण इतरांना भार झालों असें बोलणें, हें दोन आठवडे चाललें तर तें दुखणें समजून डॉक्टरांकडे न्यावें. आणि जीव नकोसा झाल्याचें शब्द निघाले तर दोन तासहि थांबूं नये, त्यास एकटें सोडूं नये.

या सर्व इतिहासाचें सार काढावयाचें तर पारा किती चढला याला महत्त्व कमी, आणि माणूस किती बदलला याला अधिक. धाप लागून एक वाक्य पुरें बोलतां न येणें, बडबड किंवा गुंगी, असह्य डोकेदुखीबरोबर मान ताठ होणें, झटका येणें, पाणीहि पोटांत न ठरणें, अर्धा दिवस लघवी न होणें, कोठूनहि रक्त जाणें, उजव्या कुशीखालीं वाढती कळ, यांपैकीं एकहि दिसलें तर दिवस असो वा रात्र, रुग्णालय गांठावें. १०८ क्रमांकाची गाडी त्याकरितांच आहे. तीन दिवसांवरचा ताप, उतरून पुन्हां चढलेला ताप, दोन आठवड्यांचा खोकला, बधिर चट्टा, यांना रात्रींची घाई नको, पण आठवड्याची टाळाटाळहि नको. ज्याला दमा, मधुमेह किंवा सिकलसेलचा विकार आहे, त्यानें पहिल्याच तापांत डॉक्टरांना भेटावें. साधें पडसें, अंगदुखी, एक-दोन दिवसांची कणकण यांना मात्र विश्रांति, पाणी व पेज पुरते. प्रत्येक शिंकेला दवाखाना दाखविण्याचें कारण नाहीं.

उपचाराची सोय आतां दूर राहिलेली नाहीं. अमरावतीस पंजाबरावांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय १९८४ सालीं निघालें, अकोल्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालीं, व अमरावतीसहि सरकारी महाविद्यालय २०२४ सालीं सुरू झालें. १९१८ च्या वऱ्हाडाला जें मिळालें नाहीं, तें आज रिक्षाच्या अंतरावर आहे. आतां उशीर होतो तो खोलीपासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर नव्हे, तर मनांतल्या मनांत. खर्च होईल, घरचीं माणसें घाबरतील, परीक्षा बुडेल, मित्र हंसतील, या चार भयांपाशीं विद्यार्थी अडून बसतो.

त्यावर तोड महाविद्यालयानें एकट्यानें काढावयाची नाहीं, आणि आईबापांनींहि एकट्यानें नाहीं. मुलाला गांवाबाहेर धाडतांना गादी व डबा बांधून देतात, तसाच एक थर्मामीटर, रक्तगट व जुन्या दुखण्यांची चिठ्ठी, आणि 'दवाखान्याचा खर्च केलास म्हणून कोणी रागावणार नाहीं' हें स्पष्ट वचनहि बरोबर द्यावें. खोलीसोबत्यानें आपल्या मित्राचा नेहमींचा आवाज व चालणें ओळखून ठेवावें, आणि तो 'मला कांहीं झालें नाहीं' म्हणाला तरी फरक दिसतांच त्याचें ऐकूं नये. घरीं जें काम आजीची नजर करीत होती, तें परगांवीं सोबत्याच्या नजरेनें केलें, तर या शंभर वर्षांत वऱ्हाडानें इतकी किंमत मोजून जें शिकून घेतलें, तें वायां गेलें असें कोणास म्हणतां येणार नाहीं.